जुनी व्याधी आणि अपघाताची भरपाई

अपघात केवळ निरोगी माणसांनाच होतो असे नाही. रस्ता ओलांडणाऱ्या, यंत्रावर काम करणाऱ्या किंवा बसच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसांपैकी कोणाला मधुमेह असतो, कोणाचे गुडघे झिजलेले असतात, कोणाचा एक डोळा लहानपणीच्या आजारात गेलेला असतो, तर कोणाच्या हृदयात असा एखादा दोष दडलेला असतो की ज्याची त्याला स्वतःलाही कल्पना नसते. अशा माणसाला इजा झाली आणि त्याने किंवा त्याच्या कुटुंबाने भरपाई मागितली, म्हणजे समोरून बहुधा एकच उत्तर येते : हे तर आधीपासूनच होते.

हे उत्तर कधी खरे असते, कधी अर्धे खरे असते आणि कधी पूर्णपणे गैरलागू असते. त्याचा निर्णय मुख्यतः एका गोष्टीवरून होतो. मागणी कोणाकडे केली आहे? ज्याच्या चुकीमुळे इजा झाली त्याच्याकडे, ज्याच्या नोकरीत इजा झाली त्या मालकाकडे, की ज्या विमा कंपनीशी आपण स्वतः करार केला तिच्याकडे? शरीर तेच, जखम तीच. परंतु या तीन ठिकाणी कायदा त्या शरीराविषयी तीन निरनिराळे प्रश्न विचारतो. एका ठिकाणचे उत्तर दुसऱ्या ठिकाणी दिले गेल्यामुळे न्याय्य दावे हरल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

पातळ कवटीचा नियम

पहिल्या प्रकारच्या दाव्यात, म्हणजे दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली असता, कायद्याची भूमिका जखमी माणसाला अनुकूल आहे. इंग्लंडमध्ये १९०१ साली एक प्रकरण न्यायालयापुढे आले. लंडनमधील एका मद्यगृहात एक घोडागाडी बेपर्वाईने हाकली जाऊन थेट आत घुसली. आत काम करणारी स्त्री गर्भवती होती. गाडीचा तिला स्पर्शही झाला नाही; परंतु धक्क्याने ती आजारी पडली व तिची प्रसूती अकाली झाली. तिची अवस्था इतकी नाजूक नसती तर एवढे नुकसान झाले नसते, या युक्तिवादाला न्यायमूर्ती केनेडी यांनी दिलेले उत्तर पुढे नियमच होऊन बसले. ज्याला धडक बसली त्याची कवटी नेहमीपेक्षा पातळ होती किंवा हृदय दुबळे होते, हा बचाव चूक करणाऱ्याला घेता येत नाही, असा त्याचा आशय. वाटेत जो माणूस भेटेल तो जसा असेल तसाच स्वीकारावा लागतो. धडक देणाऱ्याला आपला बळी निवडता येत नाही.

या नियमाची खरी कसोटी लागली ती १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या एका निकालात. लोखंडी वस्तूंवर जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात वितळलेल्या धातूचा एक शिंतोडा उडून एका कामगाराचा खालचा ओठ भाजला. भाजल्याची ती जागा किरकोळ होती आणि त्या वेळी कोणी तिची फारशी दखल घेतली नाही. पुढे तेथे व्रण झाला, व्रणाचा कर्करोग झाला आणि तीन वर्षांनी तो कामगार मरण पावला. चौकशीत असे दिसून आले की, पूर्वी सुमारे नऊ वर्षे गॅसच्या कारखान्यात काम करताना डांबराशी आलेल्या संबंधाने त्याच्या शरीरात कर्करोगाची पूर्वतयारी होऊन बसली होती. भाजणे ही केवळ ठिणगी ठरली. तरीही न्यायालयाने मालकाला मृत्यूबद्दल जबाबदार धरले. ओठ भाजणार एवढे आधी कळण्यासारखे होते, तेवढे पुरे; त्या भाजण्यातून या विशिष्ट माणसाचे काय होईल हे आधी कळणे आवश्यक नव्हते.

मात्र याच निकालाची दुसरी बाजू सांगितली नाही तर वाचकाची फसवणूक होईल. भरपाईची रक्कम ठरविताना न्यायालयाने ती काहीशी कमी धरली. कारण ओठ भाजला नसता तरीही या माणसाला कधीतरी कर्करोग होण्याची शक्यता होतीच. म्हणजे जबाबदारी आहे की नाही हा एक प्रश्न आणि तिची किंमत किती हा दुसरा. जुनी व्याधी पहिल्या प्रश्नावर सहसा परिणाम करीत नाही. दुसऱ्यावर मात्र करू शकते.

कॅनडातील वकिलांनी यासाठी पातळ कवटीच्या जोडीला 'ढासळती कवटी' असा एक शब्दप्रयोग रूढ केला आहे. शब्द कठोर आहे, पण कल्पना स्पष्ट आहे. एखाद्याची प्रकृती दुबळी असली तरी स्थिर होती आणि अपघाताने ती बिघडली, तर सारे नुकसान अपघाताच्या खात्यावर पडते. उलट ती आधीच ढासळत होती आणि अपघाताने केवळ घसरणीचा वेग वाढविला, तर वाढलेल्या वेगापुरतीच भरपाई मिळते. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८१ साली हेच तत्त्व कठोरपणे लागू केले. १९७३ साली कामावर घसरून पाठ दुखावलेल्या एका माणसाची कमाईची शक्ती निम्म्याने घटली होती; १९७६ मध्ये त्याला अपघाताशी संबंध नसलेला मज्जारज्जूचा विकार जडल्याचे आढळले आणि तो कामाला पूर्णपणे निकामी झाला. मालकाची जबाबदारी १९७६ पाशीच थांबते असा निर्णय झाला.

परंतु व्याधी होती एवढ्यावरून ती ढासळत होती असे धरून चालता येत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९६ मध्ये आलेल्या प्रकरणात वादीची पाठ पूर्वीपासून दुखरी होती. दोन मोटार अपघातांनंतर तो सावरत असताना व्यायामशाळेत अंग ताणताना त्याच्या मणक्यांमधील चकती सरकली. खालच्या न्यायालयाने अपघातांचा वाटा पंचवीस टक्के ठरवून तेवढीच भरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती पूर्ण दिली. अपघात झाले नसते तरी ही चकती सरकलीच असती असा पुरावा कोठेही नव्हता. आपल्याकडील विमा कंपन्यांचे वकील 'जुना आजार' हे दोन शब्द उच्चारून स्वस्थ बसतात, तेव्हा या पुराव्याची मागणी करावयास हवी असे मला वाटते.

कमी डोळ्यांचा माणूस, अधिक काळजी

येथे थोडे विषयांतर करून एका जुन्या निकालाकडे वळू. कारण तो हा सारा विचार उलटा करून दाखवितो. लंडनमधील स्टेपनी नगरपरिषदेच्या वाहन दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये एक कामगार होता. त्याचा एक डोळा जवळजवळ निकामी होता आणि वरिष्ठांना हे ठाऊक होते. १९४२ साली हातोड्याने एक गंजलेला बोल्ट सोडवीत असताना लोखंडाची कपची उडून त्याच्या चांगल्या डोळ्यात गेली व तो पूर्ण आंधळा झाला. त्या काळी अशा कामासाठी चष्मा देण्याची रीत नव्हती. दोन डोळ्यांच्या कामगाराला कदाचित चष्मा देण्याची गरजही नसेल; पण ज्याच्याजवळ एकच डोळा उरला आहे त्याचे नुकसान कितीतरी मोठे, म्हणून त्याच्या बाबतीत मालकाने अधिक काळजी घ्यावयास हवी होती, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने १९५० मध्ये ठरविले. जुने व्यंग ठाऊक असलेल्याची जबाबदारी त्या ज्ञानानेच वाढते. कामावर लागताना आपला आजार लपविणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात घ्यावा. न सांगितलेल्या व्यंगाची काळजी कोण घेणार?

न्यायाधिकरणापुढील हिशेब

भारतात रस्त्यावरील अपघातांचे दावे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली न्यायाधिकरणांपुढे चालतात. वाहनमालकाची जबाबदारी तृतीय पक्षाच्या विम्यामुळे बहुधा विमा कंपनी उचलते. परंतु जखमी माणसाचा त्या कंपनीशी स्वतःचा काही करार नसतो. आपली प्रकृती तिला आगाऊ कळविण्याचे त्याच्यावर बंधन नव्हते. म्हणून 'तुम्ही मधुमेह लपविला' हा आरोप येथे निरर्थक ठरतो. या साध्या गोष्टीचा विसर अनेकदा दोन्ही बाजूंना पडलेला दिसतो.

खरा वाद असतो तो अपंगत्वाच्या प्रमाणाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिलेल्या व पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या निकालात सांगितले की, डॉक्टर एखाद्या अवयवाचे अपंगत्व अमुक टक्के म्हणतात ते संपूर्ण शरीराचे अपंगत्व नसते, आणि संपूर्ण शरीराचे अपंगत्व म्हणजे कमाईच्या शक्तीतील घट नसते. डावा हात गेलेला सुतार किंवा वाहनचालक जवळजवळ पूर्णपणे निकामी होतो. तोच हात गेलेला सरकारी कारकून नोकरीत टिकून राहू शकतो.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. सत्तेचाळीस वर्षांचा एक गवंडी, महिन्याची कमाई १८,००० रुपये. गुडघा पूर्वीपासून झिजलेला; उंच परातीवर चढण्याची कामे त्याने कधीच सोडली होती. ट्रकची धडक बसून तोच पाय मोडला आणि त्याची कमाईची शक्ती ४० टक्क्यांनी घटली असे मानू. वर्षाची कमाई २,१६,००० रुपये. २००९ च्या एका निकालाने घालून दिलेल्या कोष्टकाप्रमाणे या वयाचा गुणक १३. गुणाकार २८,०८,००० रुपये. त्याचे ४० टक्के म्हणजे ११,२३,२०० रुपये. भविष्यातील उत्पन्नवाढ, उपचारांचा खर्च व वेदनेबद्दलची भरपाई तूर्त बाजूला ठेवू. कंपनीचा वकील म्हणतो, चाळीसपैकी दहा टक्के जुन्या गुडघ्याचे. तीसच टक्के धरा. म्हणजे २,८०,८०० रुपये कमी.

हा युक्तिवाद वरकरणी न्याय्य दिसतो. परंतु त्यात एक खोट आहे. ती अठरा हजारांची कमाई हा माणूस झिजलेल्या गुडघ्यानिशीच करीत होता. गुडघा धड असता तर कदाचित तो याहून अधिक मिळविता. म्हणजे जुन्या व्यंगाची वजावट त्याच्या मिळकतीत आधीच झालेली आहे. टक्केवारीतून ती पुन्हा करणे म्हणजे एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे कापणे होय. गुडघा पुढे आणखी झिजत जाऊन अमुक वर्षांत त्याला काम सोडावेच लागले असते, असे वैद्यकीय पुराव्याने दाखविता आले तर गोष्ट वेगळी. पण मग तो पुरावा कंपनीने आणावयास हवा.

छायाचित्रांच्या बाबतीतही असाच सावधपणा लागतो. अपघातानंतर मणक्यांचे एम.आर.आय. केले की अहवालात झिजेचा उल्लेख हटकून येतो आणि तो जुन्या दुखण्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या लोकांच्या अशा छायाचित्रांच्या अभ्यासांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात विशीच्या वयोगटातही सुमारे ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. ऐंशीच्या वयाला हे प्रमाण ९६ टक्क्यांपर्यंत गेले होते. झीज असणे आणि तिचा त्रास असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कामावर असताना

मालकाकडे करावयाच्या मागणीत चुकीचा प्रश्न मुळात येतच नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने एवढेच पाहिले की इजा अपघाताने झाली का, आणि तो अपघात नोकरीच्या ओघात व नोकरीमुळे घडला का. हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आणि संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. पण ही कसोटी तिनेही कायम ठेवली आहे. त्यामुळे जुने निकाल आजही मार्गदर्शक आहेत.

येथे वादाचा विषय बहुतेक वेळा हृदयविकार हाच असतो. कामावर असलेला माणूस छातीत कळ येऊन मरण पावतो. शवविच्छेदनात जुना विकार सापडतो. मालक म्हणतो की, हा आजाराने मेला, अपघात कसला? इंग्लंडमध्ये १९१० साली एक कामगार पान्याने नट आवळीत असताना कोसळून मरण पावला. त्याच्या महारोहिणीला आलेला फुगा इतका वाढला होता की तो झोपेतही फुटू शकला असता. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने तो अपघातच मानला. कारण प्रत्यक्षात फुगा फुटला तो झोपेत नव्हे, नट आवळताना.

आपल्याकडे या विषयावरील पायाभूत निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टचा एक रखवालदार रात्रपाळीवर असताना छातीत दुखू लागून मरण पावला. त्याला हृदयविकार होता. त्याच्या विधवेचा दावा १९५३ साली मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्या न्यायपीठापुढे आला. छागला यांनी केलेली मांडणी आजही वकील मंडळी उद्धृत करतात. तिचा आशय असा की, कामगार आपल्या रोगानेच नैसर्गिकपणे मेला असेल, अथवा नोकरीतील नेहमीच्या झिजेने तो रोग त्याला घेऊन गेला असेल, तर मालक जबाबदार नाही. परंतु नोकरी हे मृत्यूचे एक साहाय्यक कारण असेल, तिच्यामुळे मृत्यू लवकर ओढवला असेल, किंवा केवळ रोगाने नव्हे तर रोग आणि काम यांच्या संयोगाने तो घडला असेल, तर मालक जबाबदार आहे. पहाऱ्याच्या कामात उभे राहणे व फिरणे आलेच. दुबळ्या हृदयावर त्याचा ताण पडतो. विधवेचा दावा मान्य झाला.

या तत्त्वाच्या दोन टोकांना सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत आणि ते शेजारीशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २००६ मधील प्रकरणात वाहनावरील एक क्लीनर हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावला होता. त्याच्या कामात कोणता ताण होता, त्या दिवशी विशेष काय घडले, याचा काहीच पुरावा नव्हता. केवळ कामावर असताना मृत्यू आला एवढ्यावरून अपघात सिद्ध होत नाही, असे म्हणून न्यायालयाने भरपाई नाकारली. २०१२ च्या डिसेंबरातील प्रकरणात एका ट्रकचालकाने दिल्लीहून झारखंडातील निमियाघाटपर्यंत सुमारे ११५२ किलोमीटर ट्रक चालविला होता. अस्वस्थ वाटू लागल्यावर त्याने गाडी रस्त्याकडेच्या एका हॉटेलपाशी उभी केली आणि तो बेशुद्ध पडला. रुग्णालयात नेल्यावर त्याला मृत घोषित करण्यात आले. इतक्या दीर्घ प्रवासाचा ताण मृत्यूला कारणीभूत झाला असे मानून न्यायालयाने त्याच्या कुटुंबाला भरपाई दिली. दोन्ही माणसे हृदयविकारानेच मेली. फरक पडला तो ११५२ या आकड्याने, म्हणजेच त्या दिवशीच्या कामाच्या नोंदीने. हजेरीपट, वाहनाची नोंदवही, जादा पाळीच्या चिठ्ठ्या, सोबत काम करणाऱ्यांची जबानी, हे सारे काही दिवसांत नाहीसे होते. आणि शोकात बुडालेल्या घराला त्याची आठवण सहा महिन्यांनी होते.

स्वतःचा विमा : कराराची भाषा

तिसरे ठिकाण सर्वांत खडतर आहे. वैयक्तिक अपघात विमा हा करार असल्यामुळे येथे पातळ कवटीचा नियम चालत नाही, आणि छागला यांचे साहाय्यक कारणही पुरत नाही. बहुतेक विमापत्रांत असे लिहिलेले असते की, मृत्यू किंवा अपंगत्व बाह्य, दृश्य व हिंसक कारणाने झालेल्या इजेमुळे, आणि केवळ त्याच इजेमुळे, घडलेले असले पाहिजे. 'केवळ' या एका शब्दावर पुष्कळ दावे अडतात.

याचे ठळक उदाहरण २०१९ मधील आहे. एक गृहस्थ मोटारसायकलवरून जात असताना त्यांच्या छातीत व खांद्यात कळ आली आणि ते गाडीवरून पडून मरण पावले. आयुर्विम्याची मूळ रक्कम मिळाली. परंतु अपघाताबद्दलची अतिरिक्त रक्कम नाकारली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो नकार उचलून धरला. पडल्यामुळे झालेल्या शारीरिक इजेने मृत्यू आला, असे दाखविणारा पुरावा नव्हता. मृत्यूचे निकट कारण हृदयविकाराचा झटका होता. पडणे हा त्याचा परिणाम.

म्हणजे आजाराने तोल जाऊन पडलेल्या प्रत्येकाचा दावा बुडतो काय? तसे नाही. इंग्लंडमधील दोन जुने निकाल याबाबत फार बोधप्रद आहेत. १८८० च्या प्रकरणात अपस्माराचा एक रुग्ण ओढा ओलांडताना झटका येऊन पाण्यात पडला व बुडून मेला. १८८१ च्या प्रकरणात झटका आलेला माणूस रेल्वेच्या फलाटावरून रुळांवर पडला आणि त्याच्या अंगावरून गाडी गेली. दोन्ही विमापत्रांत आजारामुळे येणारा मृत्यू वगळलेला होता. तरीही दोन्ही दावे मंजूर झाले. झटका हे दूरचे कारण. जीव घेतला तो पाण्याने आणि रेल्वेगाडीने. मोटारसायकलस्वाराच्या बाबतीत जीव हृदयाने घेतला. वैद्यकीय दृष्ट्या सीमारेषा अगदी बारीक आहे, पण पैशाच्या दृष्टीने ती सर्वस्व आहे.

करारातील दुसरी अडचण प्रस्तावपत्राची. विमा घेताना विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे हे विमेदाराचे कर्तव्य आहे, कारण त्याच्या शरीराची माहिती त्यालाच असते. पण न सांगितलेली प्रत्येक गोष्ट दावा बुडविण्याइतकी महत्त्वाची असते का? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका आयुर्विम्याच्या प्रकरणात म्हटले की, विमेदाराने कमरेच्या मणक्यांचे दुखणे सांगितले नव्हते खरे, परंतु तो हृदयविकाराने मेला. न सांगितलेल्या दुखण्याचा मृत्यूशी संबंध नसल्याने दावा नाकारता येणार नाही. २०२० मध्ये मात्र दुसऱ्या एका प्रकरणात, विचारलेल्या आजारांविषयी खोटी उत्तरे देणाऱ्या विमेदाराच्या बाबतीत, न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली. २०२१ मध्ये पुन्हा एका प्रवाशाच्या बाजूने निकाल झाला. परदेशगमनाचा विमा घेतलेल्या या गृहस्थांना सॅनफ्रान्सिस्कोला पोहोचताच हृदयविकाराचा झटका आला होता. त्यांनी मधुमेह सांगितला होता. केवळ कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा उल्लेख केला नव्हता. तेवढ्यावरून कंपनीला हात वर करता आले नाहीत. या निकालांवर विसंबून प्रस्तावपत्रातील रकाना कोरा सोडण्याचा सल्ला कोणी देत असेल, मग तो ओळखीचा विमा प्रतिनिधी का असेना, तर तो ऐकू नये.

रुग्णालयाच्या खर्चाच्या विम्याला वेगळे नियम आहेत. पूर्वव्याधीवरील उपचारांसाठी कंपनीला घालता येणारा प्रतीक्षाकाल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा आहे, आणि विमा सलग ६० महिने चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. अपघाती इजेला सुरुवातीचा तीस दिवसांचा प्रतीक्षाकालही लागू नसतो. म्हणून नवा विमा घेतलेल्या मधुमेही माणसाचे हाड मोडले, तर हाडाच्या उपचारांचा खर्च मिळावयास हवा. कुरबुर होते ती जखम लवकर न भरल्याने वाढलेल्या दिवसांबद्दल. अशा वेळी ते दिवस मूळ इजेसाठीच लागले असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावे.

केसपेपरवरील एक ओळ

दाव्याचे भवितव्य पुष्कळदा अपघात विभागातील पहिल्या दहा मिनिटांत ठरून जाते. घाबरलेला नातेवाईक रुग्णाला घेऊन येतो. डॉक्टर विचारतात, "काही आजार?" तो म्हणतो, "बी.पी. आहे, बरीच वर्षे झाली असतील." केसपेपरवर लिहिले जाते : दहा वर्षांपासून उच्च रक्तदाब. विमा सात वर्षांपूर्वीचा असतो. त्या एका ओळीवरून कंपनी सिद्ध करू पाहते की, विमेदाराने आजार लपविला. अशी नोंद, तिला जुन्या उपचारांच्या कागदांचा दुसरा आधार नसेल तर, पुरेसा पुरावा नाही, असे ग्राहक आयोगांनी अनेकदा म्हटले आहे. परंतु तेथवर पोहोचण्यात वर्षे जातात. माहीत असेल तेवढेच सांगावे आणि वर्षांचा अंदाज करू नये, हे उत्तम. डॉक्टरांपासून आजार लपवू मात्र नये. मधुमेह किंवा रक्त पातळ करणारे औषध लपविले तर दाव्याच्या आधी जिवालाच धोका.

जखमी माणूस आपल्या वकिलापासूनही जुने दुखणे लपवितो, हे तर नित्याचेच आहे. उलटतपासणीत जुना केसपेपर बाहेर निघाला की खरे असलेले बाकीचे सारेही संशयास्पद ठरते. उलट जुने कागद आपणहून पुढे ठेवले तर तेच उपयोगी पडतात. कारण अपघातापूर्वीचा माणूस कसा होता हे दाखविणारा दुसरा पुरावा नसतो. तपासणीत आढळलेली रक्तातील साखर, चष्म्याचा क्रमांक, कारखान्यातील वार्षिक वैद्यकीय नोंद, यांवरून आधी किती होते आणि नंतर किती झाले हे मोजता येते.

मृत्यूच्या बाबतीत शवविच्छेदनाला पर्याय नाही. धार्मिक भावनेने किंवा घाईने पुष्कळ कुटुंबे ते टाळू पाहतात. पण आधी हृदय बंद पडले की आधी डोके फुटले, या प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे कोठेच मिळत नाही. कवटीत रक्तस्राव किती झाला, जखमा जिवंतपणी झाल्या का, हे तेथेच कळते. आणि वर पाहिल्याप्रमाणे अपघात विम्याचा सारा दावा त्यावरच उभा असतो.

हे उत्तर प्रतिकूल आले तरी घरातील इतर कागद पाहावेत. २०१५ साली केंद्र सरकारने बँक खातेदारांसाठी दोन विमा योजना एकदमच सुरू केल्या आणि त्यांची नावे पुष्कळांच्या मनात एकमेकांत मिसळलेली आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना केवळ अपघातासाठी आहे. जून २०२२ पासून तिचा वार्षिक हप्ता २० रुपये आहे. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा हप्ता त्याच वेळेपासून ४३६ रुपये असून तीत मृत्यूचे कारण पाहिले जात नाही. वगळलेला असतो तो फक्त नोंदणीनंतरच्या पहिल्या तीस दिवसांतील अपघाताखेरीजचा मृत्यू. दोन्हींची रक्कम दोन लाख रुपये. मोटारसायकलवर हृदयविकाराचा झटका येऊन पडलेल्या माणसाच्या घरचे लोक पहिल्या योजनेखाली अर्ज करतात, तो नामंजूर होतो, आणि पासबुकात दरवर्षी मेअखेरीस वजा झालेल्या ४३६ रुपयांकडे कोणाचे लक्षही जात नाही.